सिंधुची स्लाइड

नांदेड, ६ मार्च २०१६

अण्णा,

शरणार्थ. माझं अक्षर ओळखून हे पाकीट तू न फोडताच गल्ल्याखाली सरकवशील, म्हणून पत्ता कॉलेजच्या शिपायाकडून लिहून घेतला. आता फोडलंच आहेस तर वाच. फोन तू उचलत नाहीस, व्हॉट्सअॅपवर मला बंद करून ठेवलंयस, आणि दुकानात आले तर हमालांसमोर तमाशा होईल. राहिलं पोस्ट.

लग्नाबद्दल काही लिहिणार नाही. सिंधुला तू मल्लम्मा वहिनीच्या पाठच्या भावाला दिलंस. आपल्यात मामाशी भाचीचं लग्न लावतात, चालत आलेलं आहे, मला का माहीत नाही? पण मी भर मांडवात नको म्हणाले, अक्षता न टाकता उठले. त्याला आता दीड वर्ष झालं. 'सख्खी आत्या, पण घोटभर पाणी न पिता गेली' असं वहिनी सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांत सांगत फिरली, तेही माझ्या कानावर आलं. लिहिणार नाही म्हणता म्हणता लिहिलंच. जाऊ दे.

कामाचं सांगते. तू ज्याला 'रुदाचे रक्ताचे फोटो' म्हणतोस, ते माझं पीएच.डी.चं काम आता संपत आलंय. रक्तातल्या तांबड्या पेशी निरोगी माणसात गोल असतात, मध्ये थोड्या फिक्या. काही आजारांत त्यांचे आकार बिघडतात. कुणाची लांबट होते, कुणाची थेंबासारखी, कुणाच्या मध्ये भलतंच फिकं वर्तुळ दिसतं. तुझ्या डाळमिलमध्ये चाळण्या लावून अख्खी डाळ, चुरी आणि कळणा वेगळा करतात ना, तशी चाळणी मी कॉम्प्युटरमध्ये लावलीय. काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब पसरायचा, रंगवायचा, धुवायचा, आणि सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा लावून फोटो काढायचे. पुढे माझा प्रोग्राम एकेका पेशीची कड आखतो, ती किती गोल, किती वाकडी ते मोजतो, आणि निरोगी की बिघडलेली हे ठरवून ढिगात टाकतो. नांदेडच्या स्लाइडवर तो क्वचितच चुकलाय.

फेब्रुवारीत लातूरला शिबिर घेतलं, तुझ्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर. तू आला नाहीस. सिंधु आली, तुला न सांगता, शेवटच्या दिवशी, उदगीरहून वीरभद्रला घेऊन. माझ्या गळ्यात पडून रडली. तिला दिवस गेलेत, हे वहिनीच्याही आधी मला सांगितलं तिनं. वीरभद्र नेहमीसारखाच. उदगीर जिल्हा होणार, जिल्हा होणार म्हणून नकाशाच घेऊन आला होता. बोटाला सुई टोचत होते तरी कलेक्टर कचेरी कुठे होणार ते मला बोटानं दाखवत होता. हसू आलं. वाईट माणूस नाही तो.

दोघांच्याही स्लाइड बिघडलेल्या ढिगात पडल्या, अण्णा. थॅलेसेमियासारख्या. त्या दिवशी आलेल्यांत आणखी चौघंपाच जणही, सगळे आपल्यातलेच. आधीच्या दिवसांत एकही नाही. इतकी वर्षं मामा-भाची, आत्या-मामाची पोरं एकमेकांना देत आलो, दुसरं काय होणार?

घाबरू नकोस. त्या दोघांना स्वतःला काही होणार नाही. पण आई आणि बाप दोघांतही दोष असेल तर चारात एक मूल असं जन्मतं, ज्याला महिन्याच्या महिन्याला दुसऱ्याचं रक्त चढवावं लागतं. तिला तिसरा महिना आहे. दोघांची हिमोग्लोबिनची तपासणी करायची, खरंच दोष निघाला तर पोटातल्या बाळाची हैदराबादला होते. उदगीरचे लोक तुझ्याशिवाय कुणाचं ऐकणार नाहीत. तू सासरा, तूच मेव्हणा. तू बोल.

आमचे सर म्हणाले, कळवायची घाई करू नका. सरांना काय जातंय, त्यांची भाची थोडीच आहे ती!

रुदा


नांदेड, १९ मार्च

अण्णा,

तेरा दिवस झाले. पत्र पोचलं, मी पोस्टात विचारलं. तुझ्या दिवाणजीनं सही करून घेतलंय.

काल सिंधुचा चोरून फोन आला. ती म्हणाली, "आप्पानं पत्र वाचलं आन् गप बसले. आई म्हणली, माझ्या माहेरच्या रक्ताला नाव ठेवायाच बसली हाय ती." व्वा! वहिनीला सांग, रक्ताला माहेर-सासर नसतं. आणि नाव मी ठेवत नाही, कॉम्प्युटर ठेवतो. त्याला कुणाच्या लग्नाचा राग नाही.

तुला अजून खोटं वाटतंय ना? की 'लई शिकली म्हणून शानपन शिकवती' असं वाटतंय? मांडवात तू हेच म्हणाला होतास, सगळ्यांच्या देखत. अव्वा असती तर लेकाच्या तोंडावर हात ठेवला असता तिनं.

मग ऐक. इथे सरकारी दवाखान्यात मुखेडची एक मुलगी येते, भाग्या. सात वर्षांची, दिसते चार वर्षांची. बाप ग्यानोबा तिला खांद्यावर घेऊन एस.टी.नं आणतो. रक्त चढेपर्यंत ती भिंतीला टेकून बसते, बोलत नाही, रडतसुद्धा नाही. गालाची हाडं वर आलीत, पोट फुगलंय. रक्त चढलं की दोन-तीन आठवडे खेळते, मग पुन्हा पांढरी पडत जाते. मागच्या महिन्यात तिच्या गटाचं रक्त नव्हतं. दुष्काळात शिबिरं कोण घेणार, पाण्याच्या रांगेत उभी असलेली माणसं रक्त कधी देणार? ग्यानोबा माझ्यासमोर हात जोडून म्हणाला, "बाई, हिच्या जन्माच्या आधी कुणी सांगितलं असतं तर म्या हिला या जगात आनलीच नसती. लई हाल हायत लेकराचे." आईबाप मामेभाऊ-आतेबहीण आहेत.

असं लेकरू सिंधुच्या मांडीवर पाहायचंय का तुला?

माझी चाळणी शंभरातले पंच्याण्णव बरोबर सांगते, अण्णा. परिषदेत वाचलंय मी ते, लोकांनी टाळ्या वाजवल्यात. तिसरा संपून चौथा लागेल. त्यानंतर काही करायचं म्हटलं तर अवघड होत जातं. दिवस घालवू नकोस. माझ्यावरचा राग माझ्यावर काढ, पोरीवर नको.

रुदा


नांदेड, २ एप्रिल

अण्णा,

काल सिंधुनं सांगितलं, तू उदगीरला गेलास, दोघांना समोर बसवून माझी दोन्ही पत्रं वाचून दाखवलीस. ऐकून मी वर्गात गेलेच नाही, स्टाफरूममध्ये बसून राहिले. दोघांचं रक्त काढून इकडे येणाऱ्या माणसाबरोबर पाठवलंत, ते मी आजच पुढे हैदराबादला दिलं. रिपोर्ट यायला दोन आठवडे तरी लागतील.

मला खूप बरं वाटतंय. इतकं बरं गेल्या दीड वर्षात वाटलं नव्हतं. तू माझं ऐकलंस याचं जास्त, की सिंधुची तपासणी होतेय याचं, ते विचारू नकोस. मला भाऊ एकच आहे.

लातूरचं ऐकवत नाही. पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लावलीय म्हणे, आणि मिरजेहून रेल्वेनं पाणी येणार आहे. तुझ्या बोअरला किती राहिलंय? वहिनीचे गुडघे धरतात, तिला घागरी उचलू देऊ नकोस. हे मी सांगितलं म्हणून सांगू नकोस, नाहीतर मुद्दाम उचलेल.

रिपोर्ट आले की मी स्वतः घेऊन येऊ का? दारातूनच देईन हवं तर.

रुदा


लातूर, १३ एप्रिल

चि. रुदा,

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. मला तुझ्यासारखं लिवता येत न्हाई. आडतीच्या हिशोबाच्या पट्ट्या लिवणारा मानूस मी.

काल पाण्याची रेल्वे आली. सगळं गाव बघाया लोटलं. ढोल काय, हार काय. मी घरातच होतो.

तुझी ती मुखेडची पोरगी डोळ्यापुढून हलंना. रातीला झोप न्हाई. मल्लम्मापण दोन दिस जेवली न्हाई, तुझं पत्र परत परत वाचाया लावलं तिनं मला. मग म्हणली, रुद्राणी आपल्या पोरीचं वाईट कशाला चिंतील. मी म्हणलं, तेच मी म्हणून राहिलो.

सोमवारी सिंधुला दवाखान्यात नेऊन पोट मोकळं करून आनली. डाक्टर वळखीचा हाय. कागद कुठं हाय म्हणला तर तुझं पत्र दाखवलं, नांदेडची प्रोफेसर हाय, माझी सख्खी भैन हाय म्हणलं. पोरगी म्हणत होती, आप्पा, हैदराबादचा रिपोर्ट येऊ द्या. मी म्हणलं, आत्या दिवस घालवू नका म्हणती, चौथा लागलाय, आता कशाची वाट बघायची? गाडीत बसताना तिनं एकच इचारलं, आत्यानं सोता बघितलंय नव्हं? मी म्हणलं हाव, बघितल्याबिगर लिवल का ती? मग बसली गुमान. आता उदगीरला नेऊन सोडलीय, बरी हाय. 

तुला खरं सांगतो, सगळ्या जल्मात तुझं म्या एकदाबी ऐकलं न्हाई. आवंदा ऐकलं. मांडवात तुला नगं नगं ते बोललो, ते पोटात घाल.

उदगीरला बैठक झाली. दोघांच्या रक्तातच दोष म्हणल्यावर संसार करून काय उपयोग, असं सगळे म्हणून राहिले. तूच म्हणली होती हे लगीन नगं. बसव जयंती झाली की फारकतीचा कागद करून टाकू. वीरभद्र रडला, म्हणला मला लेकरू नगं, सिंधु पाहिजे. पन त्याची आई आयकंना. दोघंबी तरुण हायत, दुसरीकडं बघू.

तू ये घरी. दारातून कशाला? तुझ्या वहिनीनं तुझ्यासाठी शेंगाच्या पोळ्या करायचं काढलंय. पाणी हाय आपल्याकडं, काळजी करू नगं.

तुझा अण्णा
बसवंत


नांदेड, २१ एप्रिल

अण्णा,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. आज गुरुवार. आधी रिपोर्टची वाट बघत थांबले, आणि ते आल्यावर तुला खरं लिहावं की नाही हे ठरत नव्हतं. लाजेनं सांगते, एक अख्खी दुपार मी न लिहायचंच ठरवलं होतं. तू घरी बोलावलं होतंस. वहिनीनं पोळ्या करायचं काढलं होतं.

हैदराबादचे रिपोर्ट मंगळवारी आले. सिंधुच्या रक्तात दोष नाही. वीरभद्रच्याही नाही. दोघंही धडधाकट आहेत. मी त्या प्रयोगशाळेत फोन करून तीन वेळा विचारलं, नमुने बदलले तर नाहीत ना. शेवटी तिथली मुलगी वैतागली.

मग माझी चाळणी असं का म्हणाली? चंद्रप्रभाला विचारलं. ती माझ्याबरोबर शिबिराला होती, सुया टोचायचं काम माझ्याकडे, स्लाइड रंगवायचं तिच्याकडे. स्लाइड धुवायला आणि रंग पातळ करायला शुद्ध केलेलं पाणी लागतं, त्याचे कॅन आम्ही नांदेडहून नेले होते. ती म्हणाली, "बाई, शेवटच्या दिवशी म्हातारी माणसं उन्हाची रांगेत उभी होती. एक आजी चक्कर येऊन पडली. हॉलच्या नळाला थेंब नाही. पाणी पाणी करून राहिले होते सगळे, आन् मी काचा धुवायला कॅन राखून ठेवू का? वाटलं सगळ्यांना. मग टँकरचं घेतलं, तुरटी फिरवून. मला वाटलं चालतं."

तिला काय बोलू? तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, असं म्हणायचा धीर होत नाही, पण म्हणते.

खारं, जड पाणी लागलं की स्लाइडवरच्या पेशी खराब होतात. मध्ये पांढरी भोकं दिसतात, कडा कुरतडल्यासारख्या होतात. रक्त चांगलं असतं, फक्त स्लाइड बिघडते. माझा प्रोग्राम नांदेडच्या स्वच्छ स्लाइडवर शिकलेला. असलं काही त्यानं कधी बघितलंच नव्हतं. आकार बिघडलाय एवढंच त्याला कळलं, आणि बिघडलेल्यांचा त्याच्याकडे एकच ढीग होता. कॅन संपल्यावर आलेले सगळेच त्याच ढिगात पडले, ते आपल्यातले म्हणून नाही, तर शेवटी आले म्हणून. एकाच दिवसाच्या स्लाइड कशा बिघडल्या, हा प्रश्न दुसऱ्या कुणाच्या स्लाइड असत्या तर मी पहिल्यांदा विचारला असता. विद्यार्थ्याला तर फाडून खाल्लं असतं. पण मला उत्तर आधीच माहीत होतं. मामाशी लग्न लावलं की असंच होणार, हे मी मांडवात सांगितलं होतं ना तुला! ते खरं ठरताना मी कशाला अडवू?

मुखेडच्या भाग्याचं लिहिलं त्यात काही खोटं नव्हतं. ते लिहिताना मला तुला हरवायचं होतं, एवढंच. तू इतका हरशील असं वाटलं नव्हतं.

आता मी सांगते ते कर, आणि या वेळी माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. रिपोर्टांच्या प्रती यासोबत आहेत. लातूरच्या कुठल्याही डॉक्टरला दाखव, हवं तर दोघांचं रक्त पुन्हा काढ. मग उदगीरला जा, आणि फारकतीचा कागद होऊ देऊ नकोस. दोघांच्या रक्तात काही नाही. त्यांना मुलं होतील, चांगली होतील. वीरभद्रच्या आईला सांग, दोष नांदेडच्या बाईत होता. मी बैठकीसमोर येऊन सांगायलाही तयार आहे. जे मांडवात बोलले ते सगळ्यांच्या देखत होतं, हेही सगळ्यांच्या देखत सांगेन.

लातूरच्या बाकीच्यांना आम्ही कळवतोय. सरांनी माझं काम थांबवलंय. बरंच केलं.

सिंधुला तू काही सांगू नकोस. मी उद्या पहाटेच्या गाडीनं उदगीरला जातेय, आधी तिच्याकडे. हे पत्र तुला मिळेल तेव्हा मी तिच्यासमोर बसलेली असेन. फोनवर सांगायचा प्रयत्न केला. तिनं उचलला, "आत्या, बोला की" म्हणाली, आणि मी फोन बंद केला. तिला वाटलं असेल रेंज गेली.

तुझ्याकडे येणार नाही. तू पुन्हा बोलावशील तेव्हा, बोलावलंस तर.

गाडीत बसताना तिनं तुला जे विचारलं, त्याचं उत्तर तिला मलाच द्यायचंय. ते तुलाही आधी कळू दे. मी स्वतः बघितलं नव्हतं, अण्णा. फोटो चंद्रप्रभानं काढले, मोजले कॉम्प्युटरनं, आणि मी फक्त शेवटचा तक्ता वाचला. त्यात तिचं नाव दिसलं आणि तशीच तुला लिहायला बसले. तिची स्लाइड मी मंगळवारी पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. पांढरी भोकं, कुरतडलेल्या कडा, सगळं समोर होतं. मी डॉक्टर नाही, तरी मलासुद्धा लगेच दिसलं.

रुदा